दीर्घ प्रवासापूर्वी पद्मिनीची परीक्षा

आष्टी, आर्वी, वरुड, मोर्शी या संत्र्यांच्या पट्ट्यात जुन्या वाड्यांच्या मागील अंगणात, कापसाच्या रिकाम्या गोदामात किंवा पत्र्याच्या शेडखाली अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी धूळ खात उभी असलेली आढळते. आजोबांनी ती नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली असते. तिच्या मागील आसनावर दाटीवाटीने बसून घरातील तीन पिढ्या लग्नांना, बारशांना, शिरपूर आणि मुक्तागिरीच्या यात्रांना गेलेल्या असतात. पुढे नवी गाडी आली, पद्मिनीची बॅटरी उतरली, एका पावसाळ्यात टायर बसले आणि ‘दिवाळीनंतर पाहू’ असे म्हणता म्हणता वीस वर्षे उलटली. अलीकडे घरातील तरुण मुलांना या गाडीची पुन्हा ओढ वाटू लागली आहे. गाडी दुरुस्त करावी, रंगवावी आणि एकदा तरी तिने आपल्या चाकांवर मुंबईपर्यंत जावे, असा बेत ठरतो.

या बेताचा पहिला अर्धा भाग पैशाने पुरा होतो. दुसऱ्या भागाला धीर लागतो आणि नेमका तोच विसरला जातो. रंगकाम होऊन दारात उभी राहिलेली गाडी आणि साडेसातशे किलोमीटर विनाअपघात जाऊ शकणारी गाडी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीची दुसरी होते ती चाचणीने, आणि ही चाचणी काही आठवडे चालते.

या गाडीशी जैन समाजाचा एक जवळचा धागा जोडलेला आहे. पद्मिनी ज्या कारखान्यात घडली तो ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’चा कुर्ल्याचा कारखाना शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या जिद्दीतून उभा राहिला. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी वडिलोपार्जित सावकारीऐवजी बांधकामाची ठेकेदारी पत्करली; रेल्वेच्या कामात नाव मिळवले; १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेऊन परदेशी जहाज कंपन्यांना आव्हान दिले. १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी केंद्राची पायाभरणी आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, अशी त्यांची झेप होती. कुर्ल्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. नंतर इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी पोहोचवणारी फियाट ११०० कुर्ल्याहून बाहेर पडू लागली ती त्यानंतर. तिच्या पहिल्या आवृत्तीला मुंबईकरांनी ‘दुक्कर फियाट’ असे काहीसे अनादराचे, तरीही लाडाचे नाव दिले. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली; फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. नव्या शतकाच्या प्रारंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

यातील १९७४ हे वर्ष आज व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा मोटार या वर्गात येते. म्हणजे पद्मिनी या नावाने नोंदलेल्या पहिल्या गाड्या २०२४ पासून व्हिंटेज होऊ लागल्या आहेत. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात.

येथवर सारे आकर्षक वाटते. परंतु याच नियमांत दोन अटी आहेत आणि मालकाने त्या आधी वाचाव्यात, मग मिस्त्रीला बोलवावे. पहिली अट अशी की, व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. कुटुंबाला घेऊन गाडीने मनास येईल तेव्हा प्रवास करावा अशी इच्छा असेल, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी तपासून नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेणे हाच मार्ग योग्य. दुसरी अट अधिक मर्मावर बोट ठेवणारी आहे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेली गाडी व्हिंटेज मानली जात नाही. ‘जुने इंजिन कटकटीचे आहे, नव्या गाडीचे बसवू’ असा सल्ला अनेक गॅरेजांत सहज दिला जातो. तो ऐकणाऱ्याने आपण नेमके काय गमावतो आहोत हे ओळखून निर्णय घ्यावा. गाडी धावेल, पण कायद्याच्या आणि आठवणींच्या, अशा दोन्ही दृष्टींनी ती आजोबांची गाडी राहणार नाही.

पद्मिनीच्या बाबतीत सांगाड्याचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. फियाट ११०० ही पन्नासच्या दशकात नव्या पद्धतीने घडवलेली गाडी. तिला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळूनच तिचा कणा होतो. त्यामुळे पायाखालचे मॅटिंग उचलल्यावर दिसणारा गंज हा सौंदर्याचा प्रश्न नसतो. गाडी सरळ चालेल की नाही, धडक बसल्यास आतील माणसे वाचतील की नाही, हे त्यावर ठरते. जाणते लोक चुंबक घेऊन पत्र्यावरून फिरवतात. चुंबक जेथे धरत नाही तेथे रंगाखाली पत्रा उरलेला नसून पुट्टी भरलेली आहे असे समजावे. काही ठिकाणी पेचकसाची मूठ हलकेच आपटून आवाज ऐकतात. घट्ट पत्र्याचा आवाज आणि पोखरलेल्या पत्र्याचा आवाज यांतील फरक एकदा कानाला कळला की विसरला जात नाही. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जोडणे, आतून गंजरोधक लेप देणे आणि पाणी वाहून जाण्याची मूळ छिद्रे मोकळी ठेवणे, हे काम पूर्ण झाल्याखेरीज रंगाचा डबा उघडूच नये. दुर्दैवाने बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी रंग होतो, समाजमाध्यमांवर छायाचित्रे जातात आणि गंज आतल्या आत आपले काम करीत राहतो.

इंजिनाकडे वळताना सर्वांत मोठा मोह आवरावा लागतो तो नवी बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा. वीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग पुढील पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. हाताने मोकळे फिरले तरच पुढची पायरी. जुने ऑइल काढून टाकताना ते कापडातून गाळावे; कापडावर राहणारे चकाकते कण बेअरिंगची कहाणी सांगतात. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एखाद्या सिलिंडरचा आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचे. एखादा मागे पडला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. चमचाभर तेलाने होणारे हे निदान इंजिन उघडण्याचा हजारो रुपयांचा निर्णय घेण्यापूर्वी करून पाहणे शहाणपणाचे.

फियाटच्या या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. म्हणून इंजिन एकदा जरी अति तापले तरी हेड वाकडे होऊन गॅस्केट जाण्याची शक्यता असते. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या वर्धा-अमरावती पट्ट्यात पद्मिनीची खरी दुखणी याच ठिकाणी आढळतात. रेडिएटरची जाळी आतून क्षारांनी बुजलेली असते. ती बाहेरून पुसून भागत नाही, उघडून साफ करून घ्यावी लागते. पाण्याच्या पंपाचे सील, रबरी नळ्या आणि फॅन बेल्ट नवे घ्यावेत. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडील मिस्त्रींची जुनी सवय आहे. तो नसला की पाणी रेडिएटरमध्ये न थांबता भराभर फिरते आणि थंडीत इंजिन योग्य तापमानाला येतच नाही. तो चांगला आहे की नाही, याची परीक्षा स्वयंपाकघरात होऊ शकते. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा, पाणी तापवावे आणि उकळी येण्यापूर्वी त्याची झडप उघडते का ते पाहावे. घरातील गृहिणीची परवानगी मात्र आधी घेतलेली बरी.

आज पंपावर मिळणारे पेट्रोल या गाडीच्या तारुण्यातील पेट्रोल नव्हे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन आले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, ठिसूळ करते. हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून पुढे पाठवते. दुरुस्त केलेली पद्मिनी पहिल्या शंभर किलोमीटरांत दोनदा-तीनदा बंद पडते, ती बहुधा याच गाळामुळे. टाकी उतरवून धुणे, पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि इंधन पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवणे, पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावणे, हे उपाय स्वस्त आहेत. इथेनॉलमुळे मिश्रण काहीसे विरळ होत असल्याने कार्ब्युरेटरही नव्याने जुळवावा लागतो. प्लग काढून पाहिल्यास त्याचा अंदाज येतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका फटफटीत रंग म्हणजे मिश्रण विरळ आणि इंजिन आतून तापते आहे.

आणि ब्रेक. या एका शब्दासाठी बाकीचे सारे लांबणीवर टाकावे. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि जुन्या आवृत्त्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच वाहिनी असते. एखादी नळी फुटली तर पायाखालचे पेडल एकदम जमिनीला टेकते आणि हातब्रेकखेरीज काहीही उरत नाही. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, ओलाव्याने लोखंडी नळ्या आतून गंजतात आणि घाट उतरताना तापलेल्या ऑइलमधील पाण्याची वाफ होऊन ब्रेक लागेनासा होतो. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांजवळचे सिलिंडर, सर्व रबरी नळ्या आणि ऑइल एकाच वेळी बदलावे. ‘अजून चालेल’ हे वाक्य येथे उच्चारू नये. टायरच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढील दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी कोरीकरकरीत असलेला, पण दहा-बारा वर्षांचा टायर वापरलेल्या टायरपेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याचे रबर आतून सुटलेले असते आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. मुंबईच्या टॅक्सींनी एक उपकार करून ठेवला आहे. हजारो पद्मिनी दशकानुदशके रस्त्यावर होत्या, म्हणून त्यांचे भागही विपुल बनले. पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात शोध घेतल्यास बरेच काही हाती लागते. नवे म्हणून विकले जाणारे सर्वच भाग मूळ दर्जाचे नसतात. मूळ भाग घासलेला असला तरी तो दुरुस्त होतो का, हे आधी पाहावे.

गाडी सुरू झाली, ब्रेक लागले, पत्रा घट्ट झाला. आता आष्टीच्या भूगोलाचा उपयोग सुरू होतो. चाचणीसाठी हे गाव जणू मुद्दाम निवडल्यासारखे आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या बलिदानामुळे शहीद आष्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावातून सपाट रस्ते, चढ, महामार्ग आणि खरा डोंगर अशा चारही परीक्षा क्रमाक्रमाने घेता येतात.

पहिला आठवडा गावातच जावा. पहाटे गाडी सुरू करावी, चार-पाच किलोमीटर फिरवावी, परत आणून खाली स्वच्छ पुठ्ठा पसरून उभी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावरील डाग पाहावेत. काळा डाग इंजिन ऑइलचा, घट्ट आणि उग्र वासाचा गिअर बॉक्सचा किंवा मागील एक्सलचा, पाण्याचा डाग रेडिएटरचा. चाकाच्या आतील बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलची, आणि ती दिसली की गाडी जागची हलवू नये. मग महामार्गावरील तळेगावपर्यंत जाऊन परत यावे. नव्या रिंगा टाकलेल्या असतील तर पहिले पाचशे किलोमीटर इंजिनावर ताण देऊ नये, एकाच वेगाने फार वेळ चालवू नये आणि त्यानंतर ऑइल बदलावे. याच टप्प्यात हेडचे आणि चाकांचे नट ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळायचे असतात. प्रत्येक फेरीनंतर चारही चाकांच्या मध्याला हाताचा पृष्ठभाग लावून पाहावा. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर तेथील ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग जाते आहे.

तळेगावहून कारंजा (घाडगे) कडे जाताना सत्याग्रही घाट लागतो. तो फार उंच नाही. म्हणूनच पहिल्या चढाच्या परीक्षेसाठी उत्तम. येथे दोन गोष्टी पाहायच्या. चढताना तापमानाचा काटा किती वर जातो आणि माथ्यावर थांबल्यानंतर किती वेळात खाली येतो. तसेच उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधारावर गाडी कितपत आवरते. चढानंतर दुपारच्या उन्हात गाडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करून पाहावी. गरम इंजिनाच्या धगीने नळीतील पेट्रोलची वाफ झाली तर ती सुरू होत नाही. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मुळापासून दूर वळवून घेणे, हा त्यावरचा टिकाऊ उपाय. ओले फडके पंपावर ठेवण्याची जुन्या चालकांची युक्तीही लक्षात ठेवावी.

त्यानंतर आर्वी, पुलगावमार्गे वर्धा. हा दिवसभराचा फेरा. टाकी काठोकाठ भरून निघावे, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि एका लिटरला किती किलोमीटर मिळाले ते लिहून ठेवावे. इंधनाच्या काट्यावर विश्वास ठेवून कोणी मुंबईला जात नाही. याच वर्ध्यातील एक आठवण सांगितली जाते. जमनालाल बजाज यांनी गांधीजींसाठी जुनी फोर्ड मोटार बैल जुंपून चालवण्याची व्यवस्था केली होती आणि बापूंनी हसत तिचे नाव ‘ऑक्स-फोर्ड’ ठेवले. ज्यांना चाचणीचा कंटाळा येतो त्यांनी ही सोय ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

अखेरची परीक्षा चिखलदऱ्याची. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा या मार्गाने सव्वाशे किलोमीटरच्या घरात येणारे हे ठिकाण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. परतवाड्यापासूनचा वळणावळणाचा चढ पद्मिनीची सगळी गुपिते उघड करतो. क्लच घसरतो का, स्टिअरिंगच्या खालच्या गिअरच्या दांड्यातून दुसरा गिअर निसटतो का, पाट्यांतून आवाज येतो का, हे येथेच कळते. गाडीत प्रवासाला जाणार असतील तितकी माणसे आणि तितके सामान असावे. रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षा नव्हे. ज्यांच्या घरी मुक्तागिरीची यात्रा व्हायची आहे, त्यांनी ती याच फेऱ्यात जोडून घ्यावी.

अशा चाचणीची परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्यांच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. सुमारे एकशे सहा किलोमीटरचा तो प्रवास. वाटेत इंधनाची नळी बुजली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली; ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले; इंधन विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले. चढावर गाडी ढकलावी लागली म्हणून पुढे आणखी एक कमी वेगाचा गिअर बसवण्यात आला. कार्ल बेंझ यांच्या कार्यशाळेत जे उमगले नव्हते ते एका दिवसाच्या रस्त्याने दाखवून दिले. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत इटालियन सरदार बोर्गेझे यांनी तर निघण्यापूर्वीच मोटारीच्या रुंदीएवढी बांबूची काठी कापून घेतली आणि घोड्यावरून पुढे जाऊन डोंगरी वाटांतून गाडी जाईल की नाही हे मोजले. १० जूनला निघून ते १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचले. १९६८ च्या लंडन ते सिडनी शर्यतीत लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. जमिनीवरील पहिला टप्पा संपवून मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचल्या त्या ७२. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, अहमदाबादच्या एका कुटुंबातील तीन पिढ्या १९५० सालच्या ‘लाल परी’ नावाच्या एमजी मोटारीतून इंग्लंडमधील ॲबिंग्डनला, म्हणजे त्या गाडीच्या जन्मगावी जाऊन पोहोचल्या. सुमारे साडेतेरा हजार किलोमीटरचा तो प्रवास होता. आखाती समुद्र जहाजाने ओलांडून उरलेली वाट त्या वृद्ध गाडीने स्वतः कापली.

आष्टीच्या पद्मिनीसाठी तिचे जन्मगाव कुर्ला. मार्ग निवडताना समृद्धी महामार्गाचा मोह होतो, कारण तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो. परंतु त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, आणि साठ-पासष्टच्या वेगात सुखाने चालणारी गाडी तेथे स्वतःला आणि इतरांनाही धोका होते. काँक्रीटच्या तापलेल्या लांबलचक पट्ट्यावर सावली आणि गॅरेज दोन्ही क्वचितच. जुना रस्ताच बरा. पहिल्या दिवशी पहाटे निघून अमरावती, अकोला, मलकापूरमार्गे जळगाव. दुसऱ्या दिवशी धुळे, मालेगाव, नाशिक. तिसऱ्या दिवशी उरलेला सर्वांत छोटा, पण कसारा घाट असलेला टप्पा. हिवाळ्यात, दुपारचे दोन तास विश्रांतीचे ठेवून हा बेत वयस्क माणसांनाही झेपतो. तीन महिने आधी विम्याचा आणि प्रदूषण प्रमाणपत्राचा कागद पाहून ठेवावा. नोंदणीची मुदत संपलेली निघाली तर तिलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

सामानाच्या डिकीत एक लाकडी पेटी असावी: फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, एक कॉइल, चार प्लग, रबरी नळ्या आणि क्लिपा, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, तार, पक्कड, पाने, पाच लिटर पाणी आणि टोचन करण्यासाठी दोर. पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी असावी लागते; ती मोजण्याची पट्टी पेटीत असावी आणि ती वापरता येणारी दोन माणसे गाडीत असावीत, कारण एकाला झोप लागलेली असते. स्टेपनीतील हवा निघण्याच्या आदल्या दिवशी तपासावी.

कसारा घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि वरूनच दुसरा गिअर टाकून खाली यावे. मागून ट्रक कितीही भोंगे वाजवोत. पुढे शहापूर, भिवंडी, ठाणे आणि लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ला. कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारतींची वसाहत आहे. रस्त्याच्या पाटीवर ‘प्रीमियर’ हा शब्द तेवढा उरला आहे. तेथे गाडी उभी करण्यास जागा मिळणे कठीण, म्हणून छायाचित्र काढायचे असल्यास रविवारी सकाळी सातच्या आत पोहोचावे.